उलट्या हाताचे टाके

फोर्ट कोची,
ता. ३ फेब्रुवारी २००४

ति. बाबांना,
स. जय भीम. वि. वि.

मी मजेत आहे. चपलेची दुसरी जोडी झिजली, बाकी तक्रार नाही. पाहुण्यांना पायी गाव दाखवणं याला नोकरी म्हणतात, हे मधुकरकाकांना अजून पटलं नसेलच. पण चालल्याशिवाय हे बंदर कळत नाही. पोर्तुगीजांच्या चर्चपासून निघायचं, पाच-सहा माणसं मिळून ओढतात ती समुद्रावरची चिनी जाळी बघायची, डचांच्या दफनभूमीवरून मट्टांचेरीच्या बाजारात उतरायचं. तिथल्या जुन्या वखारींतून मिरी-सुंठीचा वास येतो, शिंका आवरत नाहीत.

१७ तारखेला माझी परीक्षा आहे. दहा पाहुणे, तीन तास, मी एकटी. आमच्या प्रमुख बाई मागून चालणार. जमलं तर कायम, नाहीतर महिनाअखेर घरी. बाबा, मला इथेच राहायचं आहे. आईला काळजी करू देऊ नका.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची हर्षा

तुमसर,
ता. ९ फेब्रुवारी २००४

चि. हर्षास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वस्तीत तीन घरी वाचून झालं. मधुकर म्हणाला की पोरगी रस्त्यानं फिरून राहिली अन् तुम्ही पेढे कायले वाटता. मी त्याला अजून एक पेढा दिला. आई म्हणते, डोक्यावर दुपट्टा घेत जा. आणि त्या चिनी जाळ्याला ओढायला पाच-सहा माणसं लागतात म्हणतेस, आपल्या तलावावरचा धीवर एकटा खांद्यावरून जाळं फेकतो, हेही सांग तुझ्या पाहुण्यांना!

सव्वीस वर्षं मी मिलमध्ये तांदळाची पोती शिवतो आहे, पण ट्रक फाटकाबाहेर गेल्यावर ती कुठे उतरतात, पाहिलेलं नाही. वाफवलेला उसना तांदूळ केरळात जातो एवढंच ऐकलं. नजरेस पडला तर कळव. परीक्षेला घाबरू नकोस.

तब्येत सांभाळून राहा.
तुझा बाबा, यादोराव

फोर्ट कोची,
ता. १८ फेब्रुवारी २००४

ति. बाबांना,
स. जय भीम. वि. वि.

काल मोठी चूक केली. आधी सगळं छान चाललं होतं. बाजारात एका वखारीपुढे तांदळाची पोती उतरत होती. त्यातल्या एका पोत्याचे टाके उलट्या बाजूला झुकलेले. बाबा, डाव्या हाताने असे शिवणारे तुम्हीच! जवळ जाऊन शिक्का वाचला, तुमसर.

मग माझं भान सुटलं. धान कसं भिजवतात, वाफवतात, अंगणात पायाने कसं परततात, हमालाला धरता यावं म्हणून पोत्याच्या तोंडाला दोन कान कसे ठेवतात, सगळं सांगत बसले. अर्धा तास गेला. ज्यूंच्या सिनेगॉगला पोचलो तर दार बंद. बाई सगळ्यांसमोर रागावल्या. मग विचारलं, हे पोत्याचं कुणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगितलं, आणि तुम्ही पोती शिवता हेही.

कॉलेजच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय नुसता 'नोकरी' लिहिला होता. लाज वाटायची. आता त्या लिहिण्याची वाटते. माफ करा.

बाई म्हणाल्या, घड्याळ बघायला शीक आणि सोमवारपासून कायम कामावर ये. ती वखारही वाटेत ठेवायची आहे, दहाच मिनिटं.

आशीर्वाद असू द्या.
तुमची हर्षा

तुमसर,
ता. २५ फेब्रुवारी २००४

चि. हर्षास,
अ. उ. आ.

पोरी, ऊर भरून आला. माफीचं पुन्हा लिहू नकोस. मधुकरने या खेपेला पेढे स्वतः आणले.

तुझी आई इतकी वर्षं डबा घेऊन फाटकापर्यंतच येत आली. पत्र ऐकल्यावर म्हणाली, मलेही दाखवा. काल मॅनेजरला विचारून तिला आत नेलं. पायीच हिंडलो. भिजवणीच्या टाक्या, वाळवणीचं अंगण, शेवटी माझी जागा. बाकीच्यांनी हातातलं काम थांबवलं. मी शिवून दाखवलं, ती जवळ बसून पाहत राहिली. मग म्हणाली की इतके वर्षं मले हे काहून नाही दाखवलं.

हर्षा, हे पाहण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

तुझा बाबा,
यादोराव