बंड्याची लूत

१ डिसें. १९६४, मंगळ.
आमच्या बंड्या कुत्र्याची लूत कानांवरून कोपरांपर्यंत उतरली. खाजवून खाजवून रक्त काढतो बिचारा. आठ दिवस गजकर्णाचं मलम चोळलं, ते चाटून टाकलं त्यानं. सौ. म्हणाली, "वीस वर्षं कंपाउंडर आहात ना?"
संध्याकाळी शेजारचे धोंडिबाभाऊ दारात. "कंपौंडर, शनवारपातुर बघा. न्हाईतर दोर लावून घाटाखाली सोडून येतो. आमच्या पोरांना लागंल." खोटं नाही बोलले, म्हणूनच झोंबलं.

२, बुध.
रजा टाकून कुसगावाहून लोणावळा, बंड्यासह पायी. गुरांच्या डॉक्टरांनी कानाची कड ब्लेडनं खरवडली, काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकातून दाखवली. गोल गरगरीत किडा, आखूड पाय वळवळतायत. खरजेचं मलम आजवर किती जणांना दिलं, पण स्वारीचं दर्शन आज. गजकर्ण नव्हेच! माझी अक्कल.
करंजाच्या तेलात गंधक. आठवड्यानं पुन्हा, कारण अंडी फुटतात. मग तिसऱ्यांदा.
"शनिवारपर्यंत?"
"खाज उतरेल. केस नाही यायचे."
याच्याजवळ कोण झोपतं, हेही डॉक्टरांनी विचारलं. म्हटलं, कोणी नाही. रात्री कुठं जातो, देव जाणे.

३, गुरू.
कार्बोलिक साबणानं आंघोळ, औषध. त्याचं पोतं जाळलं. चाटू नये म्हणून सौ.नं माझा बनियन चढवला, तोही चांगल्यातला. बंड्या गावभर मिरवून आला. एरवी त्याला लुतऱ्या म्हणते, आज भाकरीला तूप लावलंन. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

५, शनि.
खाज कमी. टक्कल तसंच. धोंडिबाभाऊ दोर घेऊन हजर. हा मूर्ख शेपूट हलवत त्यांच्याच पायांशी उताणा! त्यांनी हात पुढं केला तर बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या.
"भाऊ, खळ्यावर राखणीला असता, तिथं हा तुमच्यापाशी झोपतो?"
भाऊंनी हात मागं घेतला. मग, "थंडी लय. घोंगडीत शिरतो."
"आणि त्यालाच सोडून येताय?"
"हितं असला की मी घेनारच. मला न्हाई हाकलता येत. म्हून लांब."
माझेच डोळे भरले. त्यांना मलम दिलं, घोंगडी उन्हात टाकली, बंड्या आमच्या पडवीत बांधला.

१०, गुरू.
दुसऱ्यांदा औषध. धोंडिबाभाऊंनी धरला म्हणून शहाण्यासारखा उभा राहिला. मानेवर लव आल्यासारखी वाटते. सौ. म्हणते, भास.
तिसऱ्या खेपेपर्यंत कोणी जवळ घ्यायचं नाही, हे पुन्हा बजावलं. भाऊंनी मान हलवली. जाता जाता म्हणाले, "खळं परवा उरकंल. मग मी घरात निजनार. बरा झाला, तर त्यो कुटं निजंल?"
सौ. आतून ऐकत होती. तिनं नवं पोतं काढून पडवीत अंथरलं.