हा मुरूम नाही

अंबरनाथ, ३ नोव्हेंबर १९८७

आज नोकरीचा पहिला दिवस. एमआयडीसीतल्या शेडमध्ये आमची माती तपासण्याची लॅब आहे. पितळी चाळण्यांची उतरंड, ओव्हन, जुना वजनकाटा, खिडकीत मोगऱ्याची कुंडी. मला फार आवडली. मालक श्यामकांत साहेब मिश्कील आहेत. मी पहिलंच वजन पुन्हा पुन्हा केलं, तर म्हणाले, काट्याला घाम फुटेल हो मीनलबाई. काय करू, आण्णांनी तसंच शिकवलंय. ते रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर. त्यांच्या बदल्यांमुळे माझी चौथीपर्यंतची शाळा घरीच झाली, आणि पाटीच्या आधी हातात माती आली. चिमूटभर दातांखाली धरायची. करकरली तर रेती किंवा गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती.

५ नोव्हेंबर

मोरिवलीच्या कडेला कामगारांच्या चाळीस बिऱ्हाडांसाठी इमारत होणार आहे. तिथली माती कुठली ते ठरवायचं काम माझ्याकडे. मुरूम निघाला तर साधा पाया चालतो. चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की भेगाळते आणि वरच्या भिंती फाडते. मग खोल खांब घ्यावे लागतात, काम लांबतं.

आमच्या लॅबचे गडी हिरामणभाऊ नमुन्यासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरून मला ढेकूळ कापून देत होते. मी सवयीने चिमूट दातांखाली धरली. लोणी. मुरूम नव्हेच. शेजारच्या शेतातल्या बनूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. आयशीनं जेवाला नाय घातला का गो, माती खातेस ती, म्हणून खूप हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, थुंक. या जमिनीच्या तुकड्यान आमी बैलपन उभा करीत नाय.

थुंकले. सगळी गेली असं वाटत नाही.

७ नोव्हेंबर

ओव्हनमध्ये ठेवलेली माती हलकी व्हायला हवी, पाणी उडून जातं. ही जड झाली आहे. चूक माझीच असणार म्हणून पुन्हा केलं. पुन्हा जड. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून पाण्याच्या नळीशेजारी तुलनेसाठी एक नळी रॉकेलची लावतात. सकाळी ती नळी तडकली होती आणि माती टेबलाच्या कडेपर्यंत आली होती. साहेब म्हणाले, नवीन मुली घाबरल्या की काटेही घाबरतात. मुरूम लिहा, सही करा, पार्टी घाईत आहे. मी म्हटलं, नाही.

१० नोव्हेंबर

हिरामणभाऊ दुसरा नमुना कापायला खड्ड्यात उतरले. पिशवीवर चिठ्ठी लावायला मी पाठ वळवली. वळून पाहते तर खड्डा नाही. जमीन सपाट, भेगसुद्धा नाही. आम्ही पहारी घेऊन पुरुषभर खणलं. ओली माती, बाकी काही नाही. साहेब पोलिसांना म्हणाले, गडी गावाला पळाला असेल. मी म्हटलं, पळाला नाही, मी इथेच उभी होते. पोलिसांनी साहेबांचं लिहून घेतलं.

११ नोव्हेंबर

काल खणलेली माती सर्वांत बारीक चाळणीवर धुतली. चिकणमाती सगळी खाली जाते, वर काही उरत नाही.

उरलं. शर्टाचं बटण, निळा दोरा अडकलेलं. एक दात.

साहेबांनी चाळणी हिसकावून गटारात रिकामी केली. मी ओरडले— मग त्यांनी माझ्यापुढे टाईप केलेला रिपोर्ट सरकवला: मुरूम. मी फाडला.

१३ नोव्हेंबर

जेवण जात नाही, तरी वजन वाढतंय. थुंकी काळी. पाणी प्यायले की बोटं फुगतात, अंगठी कापावी लागली. दंडावर दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला, मळलेल्या गोळ्यासारखा—

ती माझ्यात आहे. असू दे. तपासणारी अजून मीच आहे.

१४ नोव्हेंबर

खरा रिपोर्ट नगरपालिकेत स्वतः दिला. अति फुगणारी चिकणमाती. भार पेलत नाही. माणूस गिळते. शेवटचं वाक्य खोडा, तिथला कारकून म्हणाला. नाही खोडलं. साहेब स्वतःच्या सहीने मुरमाचा रिपोर्ट देऊन पार्टीला काम सुरू करायला लावणार. परवा काँक्रीट.

१६ नोव्हेंबर

जागेवर, वही हातात. मिक्सर फिरतोय. मजूरबायका घमेली घेऊन पायाच्या चरात उतरत होत्या, त्यांच्याआधी मीच उतरले. हटणार नाही म्हटलं. बनूबाई बायकांना मागे ओढताहेत, साहेबांना शिव्या—

घोटे गेले. माती कोमट आहे.

नगरपालिकेचे इंजिनीअर आलेत. बघताहेत. सगळ्यांनी घमेली खाली ठेवली. मिक्सर बंद.

गुडघे.

साहेबांनी दोर टाकलाय. वर या मीनलबाई, म्हणाल ते लिहितो. म्हटलं, आधी लिहा. सगळ्यांसमोर. मोठ्याने.

कंबर— भीती वाटतेय, खूप— दोर धरणार नाही, ते लिहीपर्यंत—

लिहिताहेत. मोठ्याने म्हणताहेत. चिकण—