जानेवारीतली चाचणी

मी, वेणीमाधव त्र्यंबक गायधनी, वय ६९, अंबडच्या एका कारखान्यातून टूलरूम फोरमन म्हणून निवृत्त, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. फुफ्फुसांनी हात टेकले आहेत; डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी मुलगी सौ. स्वरदा आणि मुलगा चि. मयुरेश यांना निम्म्या-निम्म्या. यावरून ते भांडणार नाहीत. त्यांचं भांडण वेगळं आहे, ते कलम ४ मध्ये.

२. मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि बाकीची हत्यारं जुन्या टूलरूमला द्यावीत. माझ्या मेहुण्यांना काहीही देऊ नये. "या वयात कसले पोरखेळ" असं ते माझ्या कॉम्प्युटरबद्दल चारचौघांत म्हणाले होते. ते बरोबर निघाले, म्हणून तर जास्त राग आहे.

३. कॉम्प्युटर स्वरदाला. तो मी निवृत्तीनंतर स्वतः जोडला आणि प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्या आकड्यापेक्षा वाढवला. रोज वापरायचं यंत्र असेल तर हे काम संयमाचं आहे. एका वेळी एकच पायरी चढायची. व्होल्टेज जपून. प्रत्येक पायरीला पूर्ण लोड देऊन बारा-चौदा तास चाचणी घ्यायची, तापमान ऐंशीच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि पुन्हा न मिळणाऱ्या फायलींची प्रत आधी दुसरीकडे ठेवायची. हे सगळं मला पाठ होतं. पण चाचणी घेतली जानेवारीत, पारा सात अंशांवर, खिडक्या सताड उघड्या. आकडे इतके छान आले की मी आणखी दोन पायऱ्या चढलो आणि त्या तपासायला वीस मिनिटं दिली. कारखान्यात एक शतांश मिलिमीटर चुकला तरी जॉब भंगारात टाकणारा मी.

४. माझी पत्नी सुधा. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर तिने फोनवर एकेचाळीस रेकॉर्डिंग केली. स्वरदाला तेव्हा दिवस गेले होते. बाळासाठी पाळणा, मोदकांच्या उकडीचं प्रमाण, आणि नुसत्याच गप्पा. ऑपरेशननंतर ती आठ महिने पाटीवर लिहून बोलली आणि गेली.

वर्षश्राद्ध मे महिन्यात होतं. त्या आधी मी रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर काढायला बसलो. सगळी कॉम्प्युटरवर घेतली आणि फोनमधून पुसून टाकली, इतका माझ्या यंत्रावर विश्वास. बाहेर चाळीस अंश होते. यंत्र मध्येच अडकलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा फायली जागेवर होत्या, आत नुसती खरखर.

त्याच दिवशी सकाळी मयुरेश त्या कॉम्प्युटरवर फॉर्मची प्रिंट काढून गेला होता. वर्षश्राद्धाला स्वरदाने आईचा आवाज लावायला सांगितला. मी म्हणालो, "मयुरेश बसला होता त्यावर." एवढंच बोललो.

"आईला पुसलंस तू," ती त्याला म्हणाली. "माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

"ताई, मी फक्त प्रिंट काढली गं." तो माझ्याकडे बघत होता. मी पानातला भात कालवत राहिलो.

चार भाऊबीजा झाल्या, तिने त्याला ओवाळलेलं नाही. मयुरेशने काहीही केलेलं नाही. सुधाचा आवाज मी घालवला, माझ्या हौसेपायी, आणि पोराला त्याची शिक्षा भोगू दिली. मला याची लाज वाटते. माझ्या पश्चात वकिलांनी हे कलम दोघांना समोरासमोर बसवून मोठ्याने वाचावं.

५. प्रोसेसरचा वेग मी मूळ आकड्यावर आणून ठेवला आहे. कोणी वाढवू नये.

सहीपूर्वी साक्षीदार दिनेशने हे सगळं वाचलं. तो घोटीचा, तोंडावर बोलणारा. "काका," तो म्हणाला, "मयुरेश हाय ना सैपाकघरात, तुमच्यासाठी पेज करतोय. हे मेल्यावर कशाला वाचायचं? आत्ताच हाक मारा त्याला."

मी त्याच्या हातात पेन दिलं आणि म्हणालो, "तू सही कर."

नाशिक, दि. १७ फेब्रुवारी २०२६

(सही) वेणीमाधव त्र्यंबक गायधनी

आम्हां दोघांच्या देखत त्यांनी सही केली, आम्ही त्यांच्या देखत:
१. (सही) दिनेश मंगळू भोये, घोटी
२. (सही) डॉ. ज्योत्स्ना देवरे, नाशिक