लखूच्या भुवया

११ मार्च १९१२
शिमग्यात लखू कुणब्यानं देवळापुढं भर मांडावर माझं सोंग आणलं. पोट पुढं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तराजूवर अंगठा. सगळं गाव हसलं. माझी बायको देवकीसुद्धा. ती घरची, तिला माफ. लखूला सोडणार नाही.

१९ मार्च, सकाळी
माळ्यावरचा तांब्याचा मोठा हंडा गायब! चोर शोधायलाच नको. बेळगावहून आणलेल्या इंग्रजी बुकात स्पष्ट आहे: जुळलेल्या भुवया, मोठे कान, गालावर व्रण, की समजा क्रिमिनल. लखूकडं तिन्ही. व्रण अस्वलानं केला म्हणतात. अस्वलालाही काहीतरी दिसलंच असेल.
फिर्याद ठोकली. देवकी हंड्याचं काहीतरी सांगायला आली. केस आता सरकारची, घरात चर्चा नको, असं बजावलं.

२० मार्च
देवीपुढं शपथ घेतली. चोराला शिक्षा होईपर्यंत दाढी करणार नाही. धाकलू न्हाव्याला दारातून परत पाठवलं.

२ एप्रिल
लखूची बायको केशर येऊन रडली. तो तुरुंगात गेला तर पोरं काय खातील, म्हणाली. कायद्याला डोळे नसतात, असं सांगून आत जेवायला बसलो. घास उतरेना. भातच कच्चा होता. देवकीचं परत हंडा, हंडा. गप्प केलं.
दाढी भयंकर खाजते. सूड म्हटला की सोसायचंच.

१४ एप्रिल
उद्या कुळगीला, दौऱ्यावर आलेल्या मॅजिस्ट्रेट साहेबांच्या तंबूत केस. साहेबही तोंड बघून माणूस ओळखतात म्हणे. मेला लखू!
माझा काळा कोट सापडत नाही. तोही त्यानंच नेला असणार.

१६ एप्रिल
काल कोर्ट. लखू तुळतुळीत, केसांना तेल, अंगात माझा कोट! कोट देवकीनं दिलेला. धाकलूनं फुकट भादरलेला, भुवयांमधले केससुद्धा काढलेले. भर दिवसा पुरावा नष्ट!
साहेबांनी दोघांकडं बघितलं आणि माझ्याकडं बोट करून शिपायाला म्हणाले, "त्या दाढीवाल्या आरोपीला पुढं घ्या." मी फिर्यादी आहे हे पटवता पटवता घसा सुकला.
तेवढ्यात देवकी हजर. डोक्यावर हंडा. कुंभारवाड्याच्या काशीच्या लग्नात वापरायला तिनंच दिला होता. लग्नाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून त्या लोकांनी नवे पोहे कांडून, गूळ घालून, भरून आणेपर्यंत उशीर केला. साहेबांनी पोहे खाल्ले, लखूला सोडलं आणि खोट्या फिर्यादीबद्दल मला कोर्ट उठेपर्यंत उभं राहायची शिक्षा दिली. कोर्ट दिवेलागणीला उठलं.
त्याआधी, सुटून जाताना लखूनं कोट माझ्या खांद्यावर टाकला. "घ्या शेट. उभं ऱ्हायाचं काम आता तुमचं हाय."

१७ एप्रिल
हंडा माळ्यावर. म्हणजे चोर नाही. चोर नाही तर शिक्षा कुणाला, आणि शिक्षा नाही तर ही दाढी जन्मभर? देवीची शपथ मोडता येत नाही. देवकीला विचारलं.
ती चूल फुंकतच म्हणाली, "शिक्षा झाली न्हवं? करा आता दाढी."
धाकलूला बोलावणं धाडलंय.