बर्गरचं दुकान कोणाला

मृत्युपत्र लिहून ठेवणार : श्रीपाल बाबगोंडा मगदूम, वय ७७, धंदा खाद्यपदार्थ विक्री, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर.

मी वर लिहिलेला इसम हे मृत्युपत्र माझ्या मनानं लिहून ठेवतो. माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही. मला कसलंही व्यसन नाही, तेव्हा नशेचा प्रश्न येत नाही. डॉक्टरांनी काल तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. त्यात रक्तदाब जास्त असल्याचंही त्यांनी लिहिलं आहे. ते लिहायची गरज नव्हती, उद्या कोर्टात कुणी त्यावरच बोट ठेवेल. माझं शिक्षण सातवी नापास. वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण मला सांगायचं ते त्यात काहीच नव्हतं. म्हणून त्यांचे शब्द जमतील तिथं ठेवून बाकी मी स्वतः लिहिलं आहे. खाडाखोड झाली तिथं बाजूला सही केली आहे.

१. माझे वारस : पत्नी राजमती, मुलगा जिनेंद्र आणि जिनेंद्रची मुलगी आदिती. जिनेंद्रची बायको जिनेंद्रमध्येच धरली आहे.

२. राहतं घर राजमतीला तिच्या हयातीपर्यंत आणि तिच्यामागं जिनेंद्रला. तिच्या हयातीत ते विकू नये, गहाण ठेवू नये, वरच्या खोलीत भाडेकरू घालू नये. झोपताना गॅस खालूनही बंद करावा. मी आहे तोवर मी उठून बघतो, नंतर कोण बघणार हे मला ठाऊक नाही. राजमतीवर माझा एक राग आहे, तो कलम पाचमध्ये लिहिला आहे. त्यानं घराच्या वाटणीत फरक पडत नाही.

३. बँकेतली ठेव आणि तिच्या अंगावरचं सोनं राजमतीचं. पासबुक कुठं असतं ते तिला माहीत आहे. बाकीच्यांना माहीत असायची गरज नाही.

४. आता दुकान. तालमीसमोरचा गाळा माझ्या स्वकष्टाचा आहे, त्यात वडिलोपार्जित एक चमचाही नाही. तो मी कसा उभा केला हे इथं लिहितो, कारण माझ्यामागं वेगळंच सांगितलं जाईल. आताच सांगितलं जातं आहे.

मी गुळाच्या अडतीत तोलाईच्या कामावर होतो. १९८६ साली मालकांबरोबर पुण्याला गेलो. तिथल्या एका शाकाहारी हॉटेलात मालकांनी माझ्यासाठी बर्गर मागवला. मला वाटलं, हा साहेब लोकांचा वडापाव असेल. आम्ही जैन, घरात कंदमूळ शिजत नाही. मी आतली बटाट्याची टिक्की काढून ठेवली, कांदा काढून ठेवला आणि राहिलेला पाव, काकडी, कोबी खाल्ला. म्हणजे माझा पहिला बर्गर मधून रिकामाच होता. ती मधली जागा कशानं भरायची, याचाच विचार करत एसटीनं परत आलो.

उकडलेली कच्ची केळी, वाटाणा, भाजलेलं डाळीचं पीठ. कोल्हापुरात चव म्हणजे कांदा-लसूण मसाला, तो आम्हाला चालत नाही. राजमतीनं ब्याडगी मिरची, तीळ, सुकं खोबरं आणि धणे भाजून वेगळा मसाला बसवला. हुसेनभाई बेकरीवाल्यांनी मोठा गोल पाव करून दिला, वरून अंड्याऐवजी दूध लावून. पहिलं गिऱ्हाईक आकाराम पैलवान. त्यानं वरचा पाव उचलून ठेवला, टिक्की एका घासात खाल्ली आणि दोन्ही पाव माझ्यापुढं धरले.

"ह्येला रस्सा कुठाय?"

"रस्सा न्हाय. दोन्ही हातानं धरून एकदम चावायचं असतंय."

"एवढं तोंड कुणाचं हाय?"

"तुझंच हाय की."

तो हसला आणि दुसरा मागितला. पेठेनं बर्गर खायला शिकायला सहा महिने घेतले. नंतर ज्या घरच्या पोरांना बाहेरचं काहीच चालत नाही, अशा घरच्या बायका देवळातून थेट माझ्याकडं येऊ लागल्या. त्या तव्याकडं बघत नसत, 'जैन' लिहिलेल्या पाटीकडंही बघत नसत. मी उभा आहे एवढंच बघत. माझी सगळी कमाई ती होती. बाकी गाळा वगैरे नंतरचं.

५. जे घडलं ते. मी दिवस मावळायच्या आत जेवतो. त्यासाठी रोज ऊन कलतं झालं की दुकान जिनेंद्रवर सोडून घरी येतो आणि मग परत जात नाही. हे सगळ्या पेठेला माहीत आहे. गेल्या भाद्रपदात चष्मा दुकानात राहिला म्हणून जेवून परत गेलो. अंगात बनियन, डोक्याला टोपी नाही. जिनेंद्र मागं नळावर होता. एक पोरगा मोटारसायकल लावून आत आला. मला सगळे आबा म्हणतात, पण बिनटोपीचा मी त्याला ओळखू आलो नाही.

"काका, आबा गेलं का घरी?"

"का?"

"गेलं असतील तर दोन चिकनचं लावा की. जादा तिखट."

"आणि गेलं नसतील तर?"

"मग थांबतो पलीकडं. रोज थांबतोयच की."

रस्त्याच्या पलीकडं आणखी चार-पाच जण गाड्यांवर बसून होते. ती पोरं रोज तिथं असत. मला वाटायचं फुटबॉलवाली आहेत, खेळून दमून बसत असतील. मी घरी जाताना त्यांना हात करायचो, तीही हात करायची. ती माझ्या जाण्याची वाट बघत होती.

तो पोरगा नेमगोंडा खोतांचा नातू निघाला. हे नेमगोंडा म्हणजे आमच्या देवळाच्या पंचांपैकी एक. पूजेच्या जेवणात मी वाढायला उभा राहिलो तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या हातातली बादली काढून घेतली होती. म्हणाले, "ह्यो पाव आंबवून फुगवतोय. ह्याच्या हातचं वाढायचं न्हाय." त्यानंतर मी त्या पंगतीत वाढलं नाही, जेवलोही नाही. माझ्या पावात जीव असतात म्हणे. नातवाच्या पावात आता काय असतं ते त्यांना कुणी तरी विचारावं. मी विचारणार नाही.

जिनेंद्र नळावरून आला, मला बघून हात पुसत उभा राहिला.

"तवा येगळा हाय, आबा."

"आणि उलथनं?"

त्यानं तव्याजवळचं उलथनं उचलून मागं ठेवलं.

"मला सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही कुलूप लावलं असतं. केळीवर आता कोण येतंय? चार म्हाताऱ्या आणि त्यांची नातवंडं. आणि आबा, बर्गर मुळातच मटणाचा हाय. जगात कुणालाबी इचारा. तुमचाच खोटा हाय."

चष्मा न घेताच मी घरी आलो. राजमती भाजी निवडत होती. मी सांगितलं तरी तिचा हात थांबला नाही, त्यावरून कळलं की तिला माहीत होतं. म्हणाली, "जेवायच्या टायमाला कशाला कडू करू तुमाला?" म्हणजे मला लवकर जेवायला बोलवायची, ते तिकडं तवा तापायचा म्हणून की काय, हे आता मला कधीच कळणार नाही. राग आहे तो हा.

दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून पाटीवरचा 'जैन' हा शब्द खोडून घेतला. ज्या बायका विचारतात त्यांना मी खरं सांगतो. एकीनं पोराच्या हातातला अर्धा बर्गर घेऊन परत ताटलीत ठेवला. बहुतेक जणी आता येत नाहीत. चिकन बंद केलं असं जिनेंद्र सांगतो. चष्मा विसरल्याचं निमित्त करून मी दोनदा जाऊन आलो, तेव्हा तरी बंद होतं.

६. बर्गर खोटा की खरा, याबद्दल. आदिती पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं मला मोबाईलवर वाचून दाखवलं. जर्मनीत हॅम्बुर्ग म्हणून बंदर आहे, तिथलं खिम्याचं खाणं लोकांबरोबर जहाजानं अमेरिकेला गेलं. तिथं कुणी तरी ते पावात घातलं. कुणी घातलं यावर तिकडची तीन-चार गावं अजून भांडतात. म्हणजे जिनेंद्र म्हणाला ते बरोबर होतं, आणि ते ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तिनंच असंही सांगितलं की मिरचीसुद्धा समुद्रापलीकडून आली. तरी आमचा तांबडा रस्सा खोटा म्हणून कुणी ताट सारलेलं मी पाहिलं नाही.

ती मला इथल्याच एका काचेच्या भिंतींच्या बर्गरच्या दुकानात घेऊन गेली, दुपारी चारलाच, माझी वेळ सांभाळून. कागदात गुंडाळलेला बर्गर, आत वितळलेलं चीज, चटणी कोपरापर्यंत ओघळते. बटाट्याशिवायचा मिळाला, पनीरचा. पाव चांगला होता. आमच्यापेक्षा मऊ होता, हे लिहायला मला बरं वाटत नाही. शेजारी पोरंपोरी हात बरबटून खात होती, हसत होती, कुणी कुणापासून लपवत नव्हतं. तिथं आदिती म्हणाली, "आबा, मी पुण्यात चिकन खाते. तुम्हाला दुसऱ्याकडनं कळायला नको."

मी विचारलं, "मग आज का नाही घेतलंस?"

"तुम्ही समोर जेवताय म्हणून. लपवायचं म्हणून न्हाई."

मला तेही आवडलं नाही. पण घास खाली गेला.

७. सबब, दुकानाचा गाळा, नाव, तवा, भांडी आणि राजमतीच्या मसाल्याची कृती मी आदिती जिनेंद्र मगदूम हिला देत आहे. जिनेंद्रला दुकानात हक्क नाही. आदितीनं ठेवलं तर त्यानं तिथं काम करावं. तो हाताचा वाईट नाही, टिक्की माझ्यापेक्षा चांगली परततो.

आदितीनं दुकान चालवावं, भाड्यानं द्यावं किंवा विकावं. तिथं मांस शिजू नये अशी अट मी घालणार होतो. वकील म्हणाले, "घाला, पण पाळतंय का बघायला तुम्ही नसणार." तेव्हा ती अट काढली. त्याऐवजी ही घालतो : दुकानात जे शिजेल ते पाटीवर लिहावं, आणि दिवसाही शिजवावं. ऊन असताना जे विकायची लाज वाटते, ते माझ्या गाळ्यात दिवे लागल्यावरही विकू नये.

८. नेमगोंडा माझ्या मयताला आले तर खुर्ची द्यावी. पाणी द्यावं. चहा देऊ नये.

९. वकिलांनी हे पाकिटात बंद करून त्यांच्या कपाटात ठेवायला सांगितलं आहे. जिनेंद्रला माझ्यामागं कळेल, तोवर घरात शांतता राहील असं ते म्हणतात. राजमतीचंही तेच म्हणणं आहे. मलाही ते सोपं वाटतं. तो चिडून घर सोडेल, नातं तोडेल, मला दवाखान्यात कोण नेईल, ही काळजी मला रोज आहे.

पण मी मेल्यावर त्याला कळावं अशी व्यवस्था केली, तर मीही त्याच्या पाठीमागंच केलं असं होईल. म्हणून हे पाकिटात जाणार नाही. उद्या दुपारी, दुकानात, त्याच्यासमोर मी ते सगळं वाचून दाखवणार आहे. त्यानंतर तो मला काय म्हणेल ते या कागदात नाही. वाचून झाल्यावरही यातला एक शब्द मी बदलणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली. सही थोडी हलली आहे, ती माझीच आहे.

(सही) श्रीपाल बाबगोंडा मगदूम

साक्षीदार :
१. (सही) बाळासो ज्ञानू इंगवले, सायकल दुरुस्ती, शिवाजी पेठ
२. (सही) विजयसिंह रंगराव घोरपडे, निवृत्त शिक्षक, कळंबा

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १९ जानेवारी २०२५