माग थांबवायला सापुताऱ्याला

नाना, आज मी सापुताऱ्याहून परत आले आणि बूट न काढताच लिहायला बसले. आता श्रावणात तिथं पाय ठेवायला जागा नसते. दोरीला लटकून दरीवरून जाणारी मंडळी जीव खाऊन किंचाळतात, खाली उभे असलेले गाडीची दारं उघडी टाकून गाणी वाजवतात. एका तरुण बाईला मी म्हटलं, "अहो, डोंगर बहिरा नाही." ती म्हणाली, "आंटी, एन्जॉय करने आए हैं." मीही त्याचसाठी गेले होते, पण तिला ते पटलं नसतं. माझा खरा राग तिच्यावर नव्हताच, तो फार जुना आहे.

नव्वदच्या दशकातला तो श्रावण. लिंबायतमधल्या कारखान्यातलं मागाचं खातं सोडून तुम्ही नुकतेच घरी बसला होतात, आणि माग मात्र तुमच्या कानातून उठायला तयार नव्हते. जेवताना खटखट, देवापुढं खटखट. डॉक्टर तुमच्याकडं न बघता मला म्हणाला, "उमर हो गई." जणू वयानंच तुमच्या कानाशी माग मांडले होते. शेठ तर हसला. "काका, अच्छा है, अब काकी की किटकिट सुनाई नहीं देगी." त्याला मी ऐकवायचं ते ऐकवलं. शाळेत नन्सनी हळू बोलायला शिकवलं होतं, ते अशा वेळी उपयोगी पडतं. हळू बोललेलं माणसाला जास्त लागतं. पण त्यानं झालं काय? शेठ ओशाळला, त्यानं चहा मागवला, आणि तुमच्या डोक्यातले माग चालूच राहिले.

मग तुमच्या एका जोडीदारानं सांगितलं, की सापुताऱ्याला चढून गेलं की कान मोकळे होतात, त्याचे झाले. गावाकडची लग्नं आणि मयती सोडून आयुष्यात कुठंही न गेलेले तुम्ही मला म्हणालात, "माले एकदाव लई चाल, पोरी." मी सुट्टी टाकली.

पायवाटेला लागल्यावर तुम्ही निराळेच झालात. लहानपणी सातपुड्याच्या पायथ्याशी शेळ्या राखलेल्या, ते पायांना आठवत असावं. मी चिखल चुकवत येतेय आणि तुम्ही धोतर खोचून पार वर. खरं सांगते, मला तो चढ फार आवडला. ओलं गवत, तेरडा, छातीत भरणारा दम. मग धुकं उतरलं आणि तुमची पाठ तेवढी दिसू लागली. पुढं कडा होता. मी ओरडले, पुन्हा ओरडले. तुम्हाला कसं ऐकू जाणार? खात्यात त्या गोंगाटात लांबच्या माणसाला बोलवायचं तर त्याच्या पायाशी सुताची रिकामी कांडी फेकतात, हे तुम्हीच कधी सांगितलं होतं. मी खडा उचलून फेकला. तो नेमका पाठीत बसला. तुम्ही शांतपणे वळलात आणि मागावरच्या सुताबद्दल विचारावं तसं विचारलंत, "काय व्हयनं? तार तुटना का?" मला भीतीनं रडू येत होतं, त्यात हसूही आलं.

कड्यापासून लांब एका दगडावर बसलो. तुम्ही डोळे मिटले. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दिवसभर साऱ्या जगाच्या लाइनी जोडणारी आणि तोडणारी मी, तुमच्या डोक्यातली एक लाइन मला तोडता येत नव्हती. बऱ्याच वेळानं तुम्ही डोळे उघडलेत. माझे ओठ तुम्हाला वाचता यावेत म्हणून मी सावकाश विचारलं, "थांबला आवाज?" तुम्ही माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिलात.

"थांबना," म्हणालात. "आठे एकदम शांत शे."

एसटीत शेजारच्याला तेच सांगितलंत, घरी आईला तेच. पुढच्या श्रावणात गेलो, त्याच्या पुढच्याही. आई कुरकुरायची, "कान बरे झाले ना, मग आता कशाला?" तुम्ही तिला म्हणायचात, "पोरीले चढाले आवडस."

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी, सकाळी फाडून टाकीन. सांगायचं होतं ते इतकंच. त्या पहिल्या दिवशी तुम्ही "थांबना" म्हणत होतात, तेव्हा तुमची टाच दगडावर मागाच्या ठेक्यात आपटत होती. मी ती पाहिली होती, आणि तरी म्हटलं होतं, "बरं झालं, नाना."