ताटातला पेला

दांडिया बाजार, बडोदे
२ डिसेंबर २००५

प्रिय मोहना,

‘चि. सौ. मोहना हिस अनेक उत्तम आशीर्वाद’ असं लिहायला घेतलं होतं, पण त्याने पत्र पहिल्याच ओळीत म्हातारं दिसायला लागलं. म्हणून खोडून प्रिय लिहिलं. आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत. तू म्हणशील, रोज संध्याकाळी फोनवर बोलतो, मग आईंना पत्राचं काय सुचलं? अगं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? गोळी घेतली का, व्यायाम केला का, रात्री काय प्यायलात, जिन्यातला दिवा लागतो का, याची उत्तरं देता देता फोन संपतो आणि मला सांगायचं असतं ते राहून जातं. शिवाय बोलायला गेले तर तू मधेच रडशील, मग मीही रडेन, आणि तुझ्या माहेरची माणसं म्हणतील, सासू बडोद्याहून फोन करून सुनेला रडवते. लग्नघरात ते बरं दिसायचं नाही.

आधी बातम्या. माझं छान चाललं आहे. हे तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. माझा सलील मस्कतला गेला तरी तू होतीस; आता तू लग्नासाठी माहेरी गेलीस आणि मी या घरात एकटी अशी पहिल्यांदाच राहते आहे. पहिल्या दिवशी घर खायला उठलं, दुसऱ्या दिवशी जरा कमी. काल तर मी स्वतः खाली जाऊन भाजी घेऊन आले. पालक, काकडी आणि एक पपई. पपई नीट पिकलेली निघाली, त्यामुळे माझी निवड चुकते हे तुझं म्हणणं आता बंद कर. दोन मजले एका हाताने कठडा धरून चढले. मधे एकदा थांबले, पण ते दमले म्हणून नव्हे, पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेनने दार उघडून अडवलं म्हणून. ‘अहल्याबेन, तमे तो अडधां थई गयां!’ असं म्हणत त्या आता दर आठवड्याला मला अर्धी करतात. त्यांच्या हिशेबाने एव्हाना मी उरायलाच नको होते.

तळमजल्यावरच्या सुभानरावांना तू माझ्यावर पहारा ठेवायला सांगून गेली आहेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. मी उतरायला लागले की ते वर्तमानपत्र घेऊन जिन्याच्या पायथ्याशी हजर. मी म्हटलं, ‘भावजी, कुस्ती लागली आहे का?’ तर म्हणाले, ‘वहिनी, सूनबाईंना शब्द दिलाय.’ आयुष्यभर आखाड्यात पोरं घडवलेला माणूस, आता एका बाईच्या गुडघ्यांकडे बघत बसतो. काल मी त्यांना माझ्या स्मूदीचा एक पेला प्यायला दिला. वास घेऊन म्हणाले, ‘आमच्या आखाड्यात असलाच खुराक असायचा, पण तो वजन वाढवायला.’ मग मात्र सगळा संपवला आणि पेला विसळूनही दिला.

आज सकाळी मिक्सर लावला आणि दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. सलीलला नंदेसरीच्या कारखान्यातली नोकरी सोडून मस्कतला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्याने तिकडे घर घेतलं होतं, तुझ्या व्हिसाचीही सोय केली होती. ठरल्याप्रमाणे तू जायला हवी होतीस. तू गेली नाहीस, कारण मी. मी म्हणजे त्र्याण्णव किलोंची सासू, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, दुसऱ्या मजल्यावर राहणारी, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गुडघे बदलता येतील, पण आधी वजन उतरवा. मी घरी येऊन लीलो चेवडो, आपला बडोद्याचा ओला चिवडा, खाल्ला. सरळच सांगते, मला खाणं आवडतं. सकाळी फाफडा, दुपारी वरणभातावर तुपाची धार, संध्याकाळी सेव-उसळ, आणि ‘हे’ गेल्यानंतर तर जे दुःख झालं ते मी बहुतेक चिवड्याबरोबरच गिळलं. डॉक्टर काय, सगळ्यांनाच बारीक व्हायला सांगतात.

मग एके दिवशी मी जाहीर केलं की मला नवरात्रात गरबा खेळायचा आहे. तू भाजी चिरत होतीस, ती विळीवरून उठलीसच. ‘आई, गरबा?’ मी म्हटलं, हो गरबा, लग्न होऊन नागरवाड्यात आले तेव्हा सगळ्या आळीत माझ्यासारखं कोणी खेळत नव्हतं. ते खरंच होतं. तू हसली नाहीस. दुसऱ्याच दिवशी तू ज्यांच्याकडे काम करतेस त्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारून आलीस आणि मला बसवून समजावलंस. सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण बंद, त्या जागी एकेक स्मूदी. दुपारी मात्र नीट जेवायचं. मी विचारलं, स्मूदी म्हणजे काय? तू दही, केळं, भिजवलेले ओट्स आणि जवस मिक्सरमधून काढून माझ्या पुढ्यात ठेवलंस. मी म्हटलं, ही तर पातळ शिकरण!

आणि तिथेच घोळ झाला. शिकरण म्हटल्यावर माझ्या मनाने ती पोळीबरोबरची वस्तू ठरवून टाकली. पेय प्यायल्याने कधी जेवण होतं का? ताक प्यायल्यावर कोणी म्हणतं का, माझं जेवण झालं? तू सकाळी कामावर गेलीस की मी अगदी निरागसपणे दोन पोळ्या त्या पेल्यात बुडवून खायचे. वर वाटायचं, केवढं पथ्य पाळते आहे मी. महिन्याने वजन दोन किलो वाढलं. बिचारी तू वजनकाटा बिघडला म्हणून तो दुरुस्तीला घेऊन गेलीस. काटेवाल्याने स्वतः त्यावर उभं राहून दाखवलं. मग एकदा पाकीट विसरलं म्हणून तू अर्ध्या वाटेतून परत आलीस, तर मी टेबलाशी, हातात पोळी, पोळी पेल्यात. तू दारातच मटकन बसलीस आणि हसायला लागलीस. ‘अहो आई, हे जेवणाऐवजी आहे, जेवणाबरोबर नाही!’ मीही हसले, पण मला मनापासून पटलं नव्हतं. जेवण कशाला म्हणायचं हे साठ वर्षांत जे अंगात मुरलंय ते तुझ्या एका वाक्याने कसं जाणार?

तेव्हा तू जे केलंस त्याबद्दल मी तुझे आभार कधीच मानले नाहीत. दुसरी कोणी असती तर पोळ्यांचा डबा कुलपात ठेवला असता, किंवा मस्कतला फोन करून माझ्या लेकाकडे गाऱ्हाणं केलं असतं. तू त्या रात्री ताट मांडलंस. स्टीलचं, आपलं नेहमीचं. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, आणि मधोमध, जिथे भाताची मूद असते तिथे पेला. शेजारी चमचा. म्हणालीस, ‘आई, बसा जेवायला.’ मी बसले. तुझ्यासमोरही तसंच ताट होतं. तू आधीच काडीसारखी, तुला वजन उतरवायची काय गरज होती? पण त्या रात्रीपासून तू रोज माझ्याबरोबर तेच जेवलीस, चमच्याने, सावकाश, गप्पा मारत. आणि खरं सांगते मोहना, ताटावरून उठले तेव्हा माझ्या पोटाने कबूल केलं की जेवण झालं.

गोडाला मी कंटाळले तेव्हा तू केळं काढून टाकलंस आणि दह्यात काकडी, पुदिना, आलं, सातूचं पीठ, वर भाजलेलं जिरं असं घालून मठ्ठ्याची बहीण तयार केलीस. पालक घातलास त्या दिवशी मात्र मी नाक मुरडलं होतं, ते हिरवंगार बघून मला गोठा आठवला. संकष्टीला ओट्स चालतात का यावर हंसाबेन आणि मी दोन तास घातले, तू शांतपणे राजगिऱ्याच्या लाह्या घालून प्रश्न मिटवलास. मधे कितीदा तरी मी रुसले. एकदा तर भाकरवडीचं पाकीट उशीखाली सापडलं तुला. तू त्यातली एक मला दिलीस, एक तू खाल्लीस आणि उरलेली हंसाबेनला देऊन आलीस. कधी आवाज चढवला नाहीस. माझ्या आईनेही माझे एवढे लाड केले नव्हते, तिला आम्ही पाच जणं होतो.

वजन उतरलं, हळूहळू, कधी महिनाभर जागचं न हलता. या उन्हाळ्यात गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा पायथ्याशी तू होतीस. त्यानंतरचे दिवस मी इथे लिहीत नाही. ते कसे गेले हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण मी निदान ओरडू शकत होते, तुला तीही सोय नव्हती. आणि मग ऑक्टोबरात मी खरंच सोसायटीच्या गरब्यात उतरले. बाहेरच्या वर्तुळात, नुसत्या टाळ्या देत, सावकाश दोन फेऱ्या. तू पदराने डोळे पुसत होतीस. सगळ्यांना सांगत होतीस, ‘माझ्या सासूबाईंची इच्छा होती.’

आता मी हे पत्र का लिहायला बसले ते सांगते. गरब्याची इच्छा मला कधीच नव्हती ग. त्या दिवाळीनंतर एका दुपारी मी जरा आडवी झाले होते. तुला वाटलं, झोप लागली. तू स्वयंपाकघरात सलीलशी फोनवर बोलत होतीस. ‘कशी येऊ मी? आईंना जिना उतरायचा तरी माझा खांदा लागतो. तू चिडू नकोस ना.’ तुझ्या आवाजात तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं. मी मनातल्या मनात भांडले असते आणि चहा मागितला असता. पण तू त्यालाच समजावत होतीस. फोन ठेवल्यावर तू बराच वेळ नळ सोडून उभी होतीस आणि भांडी तर सगळी घासलेली होती. त्याच संध्याकाळी मी गरब्याचं काढलं. खरं कारण सांगितलं असतं तर तू हटून बसली असतीस, वर मला चार घास जास्त वाढले असतेस. तीन वर्षं माझ्या लेकाचा संसार माझ्या दोन गुडघ्यांनी अडवून धरला होता. तू मात्र एका शब्दाने मला तसं जाणवू दिलं नाहीस. या जन्मात मला मुलगी नाही असं मी कोणापुढे म्हणणार नाही.

काल सलीलशी बोलले. तुझे व्हिसाचे कागद त्याने पुन्हा करायला दिले आहेत, जानेवारीत तो स्वतः न्यायला येतो आहे. तुला न विचारता ठरवलं, त्याबद्दल काय रागवायचं ते इथे येऊन रागाव. कामाच्या बाई सकाळ-संध्याकाळ येतील, हंसाबेन मधे आहेत, खाली सुभानराव वर्तमानपत्र घेऊन बसलेलेच आहेत. काल रात्री सवयीने मी दोन ताटं काढली. एक परत ठेवताना हात थांबला, खोटं कशाला बोलू. मग माझं ताट मांडलं, मीठ, लिंबाची फोड, मधोमध पेला, आणि चमच्याने शेवटपर्यंत जेवले. तेव्हा लग्नघर आवरलं की बडोद्याला ये, पण राहायला येऊ नकोस, बॅग भरायला ये. ते दुसरं ताट मी पुसून बाजूला ठेवलं आहे, ते तुझ्याबरोबर जाणार.

आपल्या दोन्ही पायांवर उभी असलेली,
तुझीच,
आई